तेंदूचे पान झाडावर राहू देण्याचा ठराव : पाचगावचे प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचे एक लहान गाव आहे. वनहक्क कायदा 2006 अन्वये या गावाच्या ग्रामसभेला 2012 मध्ये सुमारे 1000 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या जंगलाची व्यवस्था कशी लावायची हे ठरवताना ग्रामसभेने बांबूची तोड आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली, जंगलाचा काही भाग देवराई म्हणून राखला, आणि त्याच काळात असा एक ठराव केला की जो विदर्भातील जंगलाकाठच्या गावाला सहजासहजी सुचणारा नाही. आपल्या हद्दीतील तेंदूपत्ता, म्हणजे विडी वळण्यासाठी लागणारे तेंदूचे पान, तोडायचा नाही, असा तो ठराव होता. पानांसाठी झाडांची छाटणी होते, फांद्या मोडल्या जातात आणि नवे फुटवे यावेत म्हणून जंगलात आग लावली जाते, हे त्याचे कारण सांगितले गेले. तेंदूची फळे गावाला आणि जंगलातील प्राण्यांना मिळावीत, हा त्यामागचा हेतू होता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पाचगावच्या या निर्णयाची दखल आपल्या लेखनात घेतली असून, पानतोड थांबल्यावर तेंदूची झाडे सुधारली आणि फळांचे उत्पन्न वाढले, असे नोंदवले आहे.

हे प्रकरण बहुतेक वेळा ग्रामस्वराज्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते तसे आहेच. या लेखात मात्र तोच निर्णय रोपाच्या बाजूने तपासायचा आहे. उष्ण कटिबंधातील शुष्क जंगलात उगवलेल्या रोपाला पाण्याचा ताण आणि पानांचा नाश या दोन गोष्टींना जन्मभर तोंड द्यावे लागते. त्या दोन्हींचा परस्परसंबंध काय असतो, पान कोणत्या महिन्यात गेले यावर रोपाचे भवितव्य कसे ठरते, आणि मे महिन्यातील पानतोड या हिशेबात नेमकी कुठे बसते, हे समजले तर पाचगावच्या ठरावाला वनशास्त्राचाही किती भक्कम आधार आहे, हे ध्यानात येते.

जंगल आणि रोपाचे वर्ष

चंद्रपूरचे जंगल शुष्क पानझडी प्रकारात मोडते. साग, ऐन, धावडा, बीजा, मोह, चार (चारोळीचे झाड), तेंदू, पळस, रोहन, सालई आणि त्यांच्या सोबतीला बांबू, अशी इथली मुख्य वनसंपदा आहे. पाऊस वर्षाला साधारण 1200 मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक पडतो, आणि हा आकडा ऐकून हे जंगल कोरडे कसे, असा प्रश्न मराठवाड्यातील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर पावसाच्या वाटणीत आहे. हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. नंतरचे सात-आठ महिने जमिनीला वरून फारसे काही मिळत नाही, आणि त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत तापमान अनेकदा 45 अंश सेल्सिअसच्या वर जाते. मुरमाड, उथळ जमिनीच्या वरच्या थरातील ओल हिवाळा संपता संपता नाहीशी होते. खालच्या थरात, खडकाच्या भेगांमध्ये, ओल टिकते, पण तिथपर्यंत मूळ पोहोचलेले असेल तरच ती उपयोगाची.

जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये रुजलेल्या बीजाला त्यामुळे एकच काम असते. पाऊस थांबण्याआधी मूळ खाली न्यायचे. शुष्क जंगलातील यशस्वी जातींची रोपे पहिल्या वर्षी वर फारशी वाढत नाहीत, याचे कारण हेच आहे. तेंदूचे पहिल्या वर्षाचे रोप जमिनीवर दोन-चार पानांचे, बोटभर उंचीचे दिसते, आणि त्याचे काळपट सालीचे सोटमूळ मात्र त्या उंचीच्या कितीतरी पट खोल गेलेले असते. पळस आणि सागाचेही असेच. पाने जे अन्न तयार करतात त्याचा मोठा वाटा खाली जातो आणि पिष्टमय पदार्थांच्या रूपात मुळात साठून राहतो. वरून क्षुल्लक वाटणाऱ्या या रोपाचे वजन काढले तर अर्ध्याहून जास्त भाग जमिनीखाली निघणे नवलाचे नाही.

उन्हाळ्यात या रोपाचा वरचा भाग बहुधा वाळून जातो. पाने गळतात, पुष्कळदा खोडही मरते. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर मुळाच्या गळ्यापासून, म्हणजे मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथून, नवा फुटवा येतो, तो पावसाळाभर पाने धरून मुळाला अन्न पुरवतो आणि पुन्हा वाळतो. असे काही वर्षे चालते. प्रत्येक वर्षी मूळ थोडे जाड आणि थोडे खोल होते, आणि एका वर्षी त्यात एवढे बळ साठते की आलेला फुटवा पुढच्या उन्हाळ्यात मरत नाही. तिथून झाडाचे खरे वाढणे सुरू होते. साल वृक्ष आणि साग यांच्या बाबतीत ही वाळून पुन्हा फुटण्याची रीत वनाधिकाऱ्यांना शतकभरापासून ठाऊक आहे. सागाची लागवड ‘जडी’ने होते ती याच गुणाच्या भरवशावर. रोपवाटिकेतील रोप उपटून त्याचे खोड जवळजवळ मुळापाशी छाटतात, सगळी पाने टाकून देतात, आणि उरलेला मुळाचा तुकडा पावसाच्या सुरुवातीला जमिनीत लावतात. एकही पान नसलेली ती जडी पंधरवड्यात फुटते. पाने नाहीत म्हणून रोप मेले, असे शुष्क जंगलात म्हणता येत नाही. मुळातला साठा संपला तर मात्र ते निश्चित मरते.

दुष्काळ रोपाला कसा मारतो

जमीन कोरडी होऊ लागली की रोप प्रथम पानांवरील पर्णरंध्रे मिटते. त्यामुळे पाण्याची वाफ होणे कमी होते, पण त्याच रंध्रांतून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो आणि अन्न तयार होणे बंद पडते. श्वसन मात्र चालूच राहते. रोप आता साठ्यावर जगू लागते, आणि हा काळ लांबला तर उपासमारीची वेळ येते. दुसरा धोका याहून झटपट आहे. कोरड्या मातीतून पाणी ओढण्यासाठी खोडातील जलवाहिन्यांवरचा ताण वाढत जातो. पिकांच्या बाबतीत उणे 1.5 मेगापास्कल (मेगापास्कल हे दाबाचे एकक) हा कायमच्या कोमेजण्याचा बिंदू मानतात. शुष्क जंगलातील काष्ठमय रोपे त्याच्या पलीकडेही तग धरतात, पण त्यांचीही एक मर्यादा असते. ती ओलांडली की जलवाहिन्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, पाण्याचा धागा तुटतो, आणि मुळाशी थोडी ओल असली तरी ती वर पोहोचत नाही.

या टप्प्यावर पान गळणे हा रोपाचा बचाव असतो. पाणी उडवणारा पृष्ठभागच नाहीसा झाल्यामुळे जलवाहिन्यांवरचा ताण हलका होतो आणि मूळ, मुळाचा गळा आणि त्यावरचे डोळे जिवंत राहतात. रोपांवर पाण्याचा ताण आणि पाने काढणे हे दोन्ही एकत्र लादून जगभर जे प्रयोग झाले आहेत, त्यांत एक गोष्ट अनेकदा दिसते, ती अशी की दोन्हींचा एकत्रित परिणाम हा दोन स्वतंत्र परिणामांची सरळ बेरीज नसतो. पाने कमी झालेले रोप जमिनीतील ओल हळू खर्च करते, त्यामुळे कोरडेपणाची झळ त्याला उशिरा लागते. उरलेली पाने अधिक जोमाने काम करतात. दुष्काळात पान गेले म्हणजे दुहेरी मार बसला, असे मानणे त्यामुळे घाईचे ठरते.

परंतु हा दिलासा अर्धवट आहे, आणि इथे पान कसे गेले हा प्रश्न कळीचा ठरतो. झाड स्वतः पान गाळते तेव्हा ते आधी पानातील नत्र, स्फुरद आणि इतर उपयुक्त द्रव्ये परत ओढून घेते. साधारणपणे पानातील नत्राचा आणि स्फुरदाचा निम्मा किंवा त्याहूनही अधिक भाग गळण्यापूर्वी खोडात आणि मुळात परत जातो, आणि पुढच्या पालवीला तोच उपयोगी पडतो. जानेवारी ते मार्चमध्ये पिवळे पडून गळालेले पान म्हणजे हिशेब चुकता करून गेलेले पान आहे. अळीने खाल्लेले, गुराने ओरबाडलेले किंवा माणसाने खुडलेले हिरवे पान आपल्याबरोबर सगळे काही घेऊन जाते. पाण्याची बचत दोन्हींत सारखीच होते. पोषणाचे नुकसान मात्र दुसऱ्यात फार मोठे असते.

महिन्याचेही तसेच आहे. ऑगस्टमध्ये पान गेले तर रोप वर्षाच्या कमाईच्या ऐन दिवसांत बेरोजगार होते. सागाच्या पानांची जाळी करणाऱ्या अळीचा उपद्रव विदर्भात पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिसतो, आणि हिरवे रान अचानक तांबूस करपलेले दिसू लागते. त्यातून झाडे क्वचितच मरतात, म्हणून हा उपद्रव किरकोळ मानण्याची सवय लागली आहे. केरळमधील निलंबूर येथे, केरळ वन संशोधन संस्थेने सागाची पाने फस्त करणाऱ्या दुसऱ्या एका अळीचा तरुण रोपवनांत अभ्यास केला, तेव्हा संरक्षण न दिलेल्या झाडांनी लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी 44 टक्के वाढ गमावल्याचे आढळले. झाडे जगली, पण त्यांची जवळपास निम्मी वाढ गेली. निलंबूरचे सागवान ओलाव्याच्या प्रदेशात वाढते आणि त्याला ही तूट परवडते. चंद्रपूरच्या मुरमाडात उगवलेल्या दोन वर्षांच्या रोपाची तेवढीच तूट झाली, तर ती लाकडात न दिसता थेट मुळातल्या साठ्यात दिसते, आणि त्याचा परिणाम पुढच्या मे महिन्यात उघड होतो.

पावसाळ्यातला खंड हा दुष्काळाचा सर्वांत कमी लक्षात येणारा प्रकार आहे. वर्षाचा एकूण पाऊस सरासरीइतका होतो, वर्तमानपत्रांत दुष्काळाचा शब्दही येत नाही, पण मध्येच तीन आठवडे पावसाने ओढ दिलेली असते. 2023 च्या ऑगस्टमध्ये देशभरात सरासरीपेक्षा 36 टक्के कमी पाऊस झाला आणि 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. मोठ्या झाडांना अशा खंडाचे विशेष काही वाटत नाही. महिनाभरापूर्वी रुजलेल्या रोपाचे मूळ मात्र अजून वरच्या थरातच असते, आणि त्याच्या दृष्टीने जमीन पूर्ण कोरडी पडलेली असते. सलग दोन वर्षे तुटीची गेली तर हानी आणखी खोल जाते. 2014 मध्ये देशाच्या मान्सूनमध्ये 12 टक्के आणि 2015 मध्ये 14 टक्के तूट होती. पहिल्या वर्षी कमी साठा घेऊन उन्हाळ्यात शिरलेले रोप कसेबसे फुटते आणि दुसऱ्या वर्षी तो साठा भरून काढण्याची संधी त्याला मिळत नाही. रोप दुष्काळाच्या वर्षात मरते असे नाही. बऱ्याचदा ते नंतरच्या वर्षात मरते, आणि तेव्हा आपण कारण दुसरीकडे शोधत असतो.

बिडीला हवे असते ते नेमके रोपाच्याच वयाचे पान

आता तेंदूकडे येऊ. विडी वळण्यासाठी पान मोठे, लवचिक, बारीक शिरांचे आणि वळताना न फाटणारे लागते. उंच वाढलेल्या तेंदूच्या झाडाचे पान जाड आणि खरखरीत असते. विडीसाठी उत्तम पान मिळते ते जमिनीलगतच्या झुडपाला आलेल्या नव्या फुटव्यांवर. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई करतात, म्हणजे तेंदूची लहान झुडपे जमिनीलगत छाटतात. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी फुटव्यांवर तोडण्याजोगी पाने येतात आणि एप्रिलच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत, पहिल्या पावसाच्या आत, तोड उरकते. खुटकटाईला मजुरी आणि वेळ लागतो. जिथे तो टाळायचा असतो तिथे जंगलाला आग लावणे हा सोपा मार्ग उरतो, कारण जळालेल्या झुडपालाही तसाच फुटवा येतो. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. एका गोणीत 70,000 पाने असतात, हे लक्षात घेतले की एका फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, एका हंगामात किती झुडपांची पाने येऊन पडत असतील याचा अंदाज करता येतो.

या व्यवहाराचा वनशास्त्रीय पेच असा की तोडीचा सगळा भार जंगलाच्या नव्या पिढीवर पडतो. लाकूडतोडीत मोठे झाड जाते आणि रोप राहते. तेंदूपत्त्यात मोठ्या झाडाला सहसा वाचवले जाते, निदान वाचवता येते, आणि ज्याने पुढे झाड व्हायचे ते लहान झुडूप दरवर्षी जमिनीपर्यंत आणले जाते.

वर सांगितलेल्या महिन्यांच्या हिशेबात ही तोड कुठे बसते ते पाहू. शुष्क जंगलातील अनेक जातींप्रमाणे तेंदूलाही पावसापूर्वीच, उन्हाळ्याच्या ऐन भरात पालवी येते. ही पालवी त्या वर्षीच्या कमाईतून येत नाही. तिच्यासाठी लागणारे सगळे अन्न मुळातील साठ्यातून आणि लागणारे पाणी खोल थरातल्या ओलीतून येते. पाने पूर्ण वाढून कमावू लागतात तोवर मुळातील साठा वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला गेलेला असतो. विडीचे पान खुडले जाते ते याच क्षणी. खुटकटाईने एकदा खर्च करायला लावलेल्या मुळाला आता तोडीनंतर जूनमध्ये दुसऱ्यांदा खर्च करावा लागतो. नत्र परत घेण्याची संधी नाही, कारण पान कोवळेपणाच्या अंताला आणि पक्वतेच्या सुरुवातीला तोडलेले असते. पाण्याची बचत म्हणावी तर ती खरी आहे, पण मेअखेर आणि पहिला पाऊस यांच्यात दोन-तीन आठवडेच असतात, त्यामुळे तिचे मोल थोडे.

तरीही तेंदूचे झुडूप मरत नाही. हे त्याचे सामर्थ्य आहे, आणि त्याच्याविषयीच्या गैरसमजाचे कारणही तेच आहे. दरवर्षी छाटूनही जंगलात तेंदू भरपूर आहे, असे म्हणताना आपण जे पाहतो ते मुख्यतः जुन्या मुळांतून निघालेले फुटवे असतात. तेंदूची आडवी मुळे जमिनीखाली पसरतात आणि छाटणी किंवा आगीने वरचा भाग गेला की त्यांवरून ठिकठिकाणी नवे कोंब फुटतात. त्यामुळे छाटलेल्या क्षेत्रात झुडपांची संख्या वाढलेलीही दिसू शकते. पण ती सगळी थोड्याच मातृवृक्षांची विस्तारलेली अंगे असतात. बीजापासून आलेले रोप त्यांत कमी असते. त्या रोपापाशी मागच्या अनेक वर्षांचा साठा नसतो, आणि खुटकटाईचा कोयता किंवा आगीची धग दोघांत भेद करत नाही. जाड मुळाचा जुना फुटवा आगीतून परत येतो. दोन पावसाळे पाहिलेले रोप पहिल्या आगीतून कदाचित येते, दुसऱ्या वर्षीच्या आगीतून येण्याची आशा धरणे कठीण.

यात आणखी एक धागा आहे. तेंदूत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फुले उन्हाळ्यात येतात आणि फळ पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो. झुडूप दरवर्षी जमिनीवर आणले गेले की ते कधीच फुलण्याच्या वयाला पोहोचत नाही. नवी मोठी झाडे तयार होत नाहीत, जुनी हळूहळू जातात, नर-मादी झाडांतील अंतर वाढते, टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, कमी होतात, आणि अस्वलांपासून माकडांपर्यंत जे प्राणी ती खाऊन बिया दूर नेतात त्यांना खायलाही आणि पेरायलाही काही उरत नाही. जंगलात तेंदू दिसत राहतो, पण त्याची पिढी पुढे सरकत नाही.

पाचगावने काय साधले

या पार्श्वभूमीवर पाचगावच्या ठरावाकडे पाहिले तर त्यातील कारणमीमांसा किती अचूक होती हे कळते. ग्रामसभेने पानतोड, फांद्यांची मोड आणि आग या तिन्ही गोष्टी एकाच साखळीत पाहिल्या. शास्त्रीय परिभाषेत बोलायचे तर त्यांनी रोपावरील पाण्याचा तुटवडा, छाटणी-तोड आणि आग या तीन ताणांपैकी जो माणसाच्या हातात नाही त्याला हात लावला नाही आणि जे दोन हातात होते ते एकदम काढून घेतले. पाऊस कमी पडणे ग्रामसभेच्या ठरावाने थांबत नाही; पण त्याच उन्हाळ्यात आग आणि छाटणी नसेल, तर कमी पावसाच्या वर्षातून बाहेर पडण्याइतका साठा रोपाच्या मुळात उरतो. माझ्या मते या निर्णयाचे हेच सर्वांत महत्त्वाचे फळ आहे, आणि ते टोपलीत दिसणाऱ्या फळांपेक्षा उशिरा दिसणारे आहे.

फळांचे उत्पन्न वाढले हे निरीक्षण मात्र काळजीपूर्वक वाचले पाहिजे. फळ लवकर वाढते ते आधीच मोठ्या असलेल्या झाडांवर, ज्यांच्या फांद्या पूर्वी मोडल्या जात होत्या आणि ज्यांची फुले आगीच्या धगीने करपत होती. त्यावरून रोपांची स्थिती सुधारली असा निष्कर्ष काढता येत नाही. ती सुधारायला आणि दिसायला अनेक वर्षे लागतात. शिवाय पानतोड आणि आग एकाच वेळी थांबली असल्यामुळे सुधारणेचे श्रेय कोणाला किती द्यायचे हे एका गावाच्या अनुभवावरून वेगळे काढता येत नाही. मला स्वतःला आगीचा वाटा मोठा वाटतो. पानतोडीचा फटका तेंदूपुरता असतो. आगीचा फटका चार, मोह, बीजा, रोहन अशा सगळ्यांच्या रोपांना बसतो, आणि त्यांतील कित्येक जाती तेंदूइतक्या चिवट नाहीत.

हा निर्णय पाचगावला परवडला, याचे एक साधे आर्थिक कारण आहे. ग्रामसभेपाशी बांबू होता आणि त्याच्या विक्रीतून गावातच रोजगार मिळत होता. बांबूची तोड पावसाळ्यानंतर, कोरड्या महिन्यांत होते, त्यामुळे मे महिन्याची मजुरी सोडल्याने वर्षाचे गणित कोसळले नाही. हे न सांगता पाचगावचे कौतुक करणे इतर गावांवर अन्याय करणारे ठरेल.

ज्यांना पान सोडता येत नाही

गडचिरोलीतील बहुसंख्य गावांत खरिपाच्या पेरणीपूर्वी हातात येणारी सर्वांत मोठी रोख रक्कम तेंदूपत्त्याची असते. बियाणे, खत, शाळेचे साहित्य, लग्नाचे देणे, हे सगळे त्यावर चालते. 1969 च्या राज्य कायद्याने हा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला होता. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी तेंदूपानासह गौण वनोपजावरची (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या इतर वस्तूंवरची) मालकी ग्रामसभांना दिली, आणि गेल्या दशकात अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करून पानाची विक्री करू लागल्या. इतक्या झगड्यानंतर मिळालेला हक्क जंगलाच्या हितासाठी सोडून द्या, असे त्यांना सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न पान तोडावे की नाही हा नसून, तोडताना नव्या पिढीचे मूळ कसे राखावे हा आहे.

इथे रोपाच्या वर्षाचा हिशेब थेट उपयोगी पडतो. आग पूर्णपणे टाळून हाताने खुटकटाई केली, तर निदान कोणते झुडूप छाटायचे हे माणूस ठरवू शकतो. आग तसे ठरवू देत नाही. बोटापेक्षा बारीक बुंध्याचे, एकट्याने उभे असलेले आणि शेजारच्या झुडपांच्या ओळीत न बसणारे रोप बहुधा बीजापासून आलेले असते, आणि ते सोडून दिल्याने गोणीत पडणारा फरक नगण्य असतो. जंगलाचे भाग पाडून दरवर्षी एका भागाला विश्रांती दिली तर त्या भागातील मुळांना दोन्ही खर्चांतून सुटका मिळते. प्रत्येक भागात थोडी जोमदार झुडपे कायमची राखून झाड होऊ द्यावीत; नर आणि मादी झाडे लहानपणी ओळखता येत नसल्याने ती गटाने राखणे बरे. फुटव्यावरचे शेवटचे पान ओरबाडून नेण्याऐवजी शेंड्याची एक-दोन पाने ठेवली तर जूनमध्ये मुळाला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.

गुरांच्या चराईचा विचारही याच चौकटीत करावा लागतो, कारण पावसाळ्यात मिळवलेली कमाई चराईत गेली तर उन्हाळ्यात जपलेल्या पानांचा उपयोग होत नाही. नव्याने रुजलेली रोपे असलेला भाग जुलै ते सप्टेंबर बंद ठेवणे गावाला जड जाते, परंतु तीन वर्षांच्या फिरत्या बंदीने पुष्कळ साधते.

मोजायचे कसे

नैसर्गिक पुनरुत्पादनाची पाहणी आपल्याकडे सोयीनुसार पावसाळ्यानंतर होते. ऑक्टोबरमध्ये जंगलात रोपेच रोपे दिसतात आणि अहवालात आकडा समाधानकारक येतो. त्यांतील किती रोपे मे ओलांडतात हे त्या आकड्यातून कळत नाही. ज्या ग्रामसभेला आपल्या निर्णयाचा परिणाम समजून घ्यायचा आहे तिने काही ठरावीक चौकोन आखावेत, त्यांतील प्रत्येक रोपाला क्रमांकाची पत्री बांधावी, ऑक्टोबरमध्ये एकदा आणि पुढच्या जुलैमध्ये, नवे फुटवे आल्यावर, दुसऱ्यांदा नोंद करावी. पत्री खोडाला न बांधता जमिनीत रोवलेल्या खुंटीला बांधावी, कारण खोड वाळून जाणार हे गृहीत आहे. मे महिन्यात वाळलेली काडी पाहून रोप मेले असे लिहू नये. उंचीची नोंद इथे दिशाभूल करते. मुळाच्या गळ्याशी असलेली जाडी मोजावी, कारण साठा तिथे आणि त्याखाली असतो. बीजाचे रोप आणि मुळाचा फुटवा यांचा गोंधळ होऊ नये म्हणून चौकोनाबाहेरची थोडी झुडपे हलकेच उकरून पाहावीत. खाली सरळ जाणारे सोटमूळ असेल तर ते रोप, आणि आडव्या जाड मुळाला टेकलेले असेल तर तो फुटवा.

अशा नोंदी चार-पाच वर्षे राहिल्या तर एक नियम त्यातून गावाच्या हाती येऊ शकतो, तो म्हणजे पावसानुसार तोड बदलण्याचा. ज्या वर्षी ऑगस्टमध्ये लांब खंड पडला किंवा पाऊस सप्टेंबरच्या आधीच आटोपला, त्या वर्षी मुळातील साठा कमी आहे हे गावाला ऑक्टोबरमध्येच कळलेले असते. पुढच्या फेब्रुवारीत खुटकटाईचे क्षेत्र किती घटवायचे हे तेव्हाच ठरवून, लिलावाच्या अटींत तसे लिहून घेता येते. ठेकेदाराशी करार होण्यापूर्वीचे ते चार महिने ग्रामसभेच्या हातात असतात.